साक्षीचा आवाज

डॉ. शकुंतला खेबुडकर यांच्या कानांत काडीचाही दोष नव्हता. पडद्यावरचा आलेख तेच सांगत होता. निरंजन आवटीने टेबलावर चमचा आपटला की हिरवी रेघ टुणकन उडी मारायची, तो बोलू लागला की लाटांमागून लाटा उठायच्या. कान आपले काम करत होते, मज्जातंतू नेमाने निरोप पोचवत होते, मेंदूच्या दारापर्यंत सगळा माल सुखरूप येत होता. फक्त दार उघडायला कोणी नव्हते. "बाई, ऐकू येतंय का?" असे निरंजनने पुन्हा एकदा विचारले, तेव्हा बाईंनी पाटी पुढे ओढली आणि लिहिले, "तुझे ओठ हलताहेत. आवाजही होतोय, पण पिंपात खडे हलवल्यासारखा. तेच तेच विचारू नकोस, नोंद कर." स्वतःचे बोलणेही त्यांना तसेच खडखडताना ऐकू येई, म्हणून त्या बोलायचे सोडून लिहीत.

आजारी माणसाने वैद्यालाच कामाला लावावे, ही बाईंची खोड. त्यात इथे आजारी आणि वैद्य एकच होते. मिरजेची ही पूर्ववत संस्था त्यांनी उभारलेली, मेंदूतली मूळखूण, म्हणजे गोष्टी ओळखायची त्याची मूळची रीत, परत बसवण्याची पद्धत त्यांनी शोधलेली, आणि ज्या टोपाखाली त्या बसल्या होत्या त्यातली तार न् तार त्यांच्या नजरेखालून गेलेली. देशभरातून माणसे इथे येत, धड डोळे असून आंधळी आणि धड कान असून बहिरी, आणि बरी होऊन परत जात. निरंजनने उमेदीची सगळी वर्षे बाईंच्या हाताखाली काढली होती, त्यांची बोलणी पोटभर खाल्ली होती, आणि तरीही कोणी विचारले असते तर त्याने सांगितले असते की अशी माणसे शतकात एखादीच होतात. बाईंना मात्र हे त्याने कधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्यांनी पुरावा मागितला असता.

हे सगळे झरोक्यामुळे झाले होते. झरोका म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चकती. ती कानामागे बसवली की जगाचे माहितीजाळे थेट डोक्यात उघडायचे, हातात यंत्र नको की डोळ्यांपुढे पडदा नको. आधी तो फक्त जाळ्यावरचे काय ते उघडून दाखवी. मग लोकांना सोय कळली. परक्या भाषेतले बोलणे ऐकले की झरोका त्याचा अर्थ हजर करायचा, ओझरता चेहरा दिसला की नाव पुरवायचा, गिचमिड अक्षर दिसले की वाचून द्यायचा. पाहुणा घरात आला आणि बघता बघता किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला गेला. पुढे पुढे स्वतःच्या आईची हाकसुद्धा लोक झरोक्यातूनच ऐकू लागले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटेना.

मग कळले की चकतीवरचा लेप जुना झाला की विरघळतो आणि मेंदूला इजा करतो. जगभर चकत्या काढायचे हुकूम निघाले. काढणे सोपे होते. खरी रडकथा काढल्यानंतर सुरू झाली.

बाईंची चकती डॉ. रुबीना मुल्ला यांनी काढली होती. रुबीना नुकतीच संस्थेत रुजू झालेली, हात सोन्याचा, पण सुरीपलीकडचे शास्त्र तिला अजून नवे होते. उपाहारगृहात निरंजनसमोर बसून तिने सरळच विचारले, "मी चकती काढली, जखम भरली, आत काही तुटलेलं नाही. मग अडतंय कुठं?"

निरंजनने बाईंचेच उदाहरण काढले. बाई ते प्रत्येक व्याख्यानात देत.

"समज, घरात नवी सून आली. हुशार, कामसू. तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे आपल्या पद्धतीनं लावले. सासूला काही शोधावं लागत नाही, नुसतं 'हळद दे गं' म्हटलं की हळद हातात. अशी वर्षं गेली आणि सून परदेशी गेली. आता सासूबाई फोडणीला उभ्या आहेत. तेल तापलंय. हळद घरातच आहे, सासूबाईंना स्वयंपाकही झकास येतो. पण हात पुढे होतो तो सून उभी राहायची त्या बाजूला."

"आणि तिथं कोणीच नाही."

"कोणीच नाही. मेंदूत तसंच होतं. चेहरा, अक्षर, बोलणं, प्रत्येक जातीचा निरोप कोणी उघडायचा हे सांगणारी एक खूणपाटी आत असते. झरोक्यानं जुन्या वाटा पुसल्या नव्हत्या, फक्त पाट्या स्वतःकडे वळवून घेतल्या. तो गेला, पण पाट्या तशाच राहिल्या. बोलणं आत येतं, पाटी दाखवते तिकडं जातं, मोकळ्या जागेवर दार वाजवतं आणि न उघडता परत फिरतं."

जाताना पाट्या सरळ करून जावे, एवढी रीत झरोक्याला कोणी शिकवली नव्हती. आणि त्याला शिकवणाऱ्या मंडळींत तरुणपणी खुद्द शकुंतलाबाई होत्या. पहिली चकती त्यांनी दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःला बसवून घेतली होती. बाहेर कोणाला झरोक्याचा गंधही नव्हता तेव्हापासून त्या तो वागवत होत्या. पुढे चूक ध्यानात आली, तेव्हा ती दुसऱ्यांच्या माथी न मारता उरलेले सगळे आयुष्य त्यांनी ती निस्तरण्यात घातले. निरंजनला बाई थोर वाटत त्या यासाठी.

उपाय त्यांनीच काढला होता. प्रकाशाच्या सूक्ष्म ठोक्यांनी टोप खूणपाटी क्षणभर सैल करतो. त्याच क्षणी माणसाला एक साक्षीनमुना द्यायचा, म्हणजे झरोका बसवण्याआधी त्याच्या मेंदूने आपल्या बळावर उघडलेली त्या जातीची एखादी गोष्ट. मेंदू तिला ओळखतो, पाटी जुन्या वाटेकडे फिरते आणि तिथेच घट्ट बसते. एक चेहरा पुरतो, सगळे चेहरे परत येतात.

रुबीनाने विचारले, मग एवढी घासाघीस कशाला, कुठलाही जुना नमुना द्यावा आणि मोकळे व्हावे.

"तिथंच तर मेख आहे," निरंजन म्हणाला. "एका जातीची पाटी एकदाच सैल करता येते, दुसऱ्यांदा केली तर मोडते. आणि ती बसते ती नमुन्याचा रंग घेऊन. नमुना ज्या भावनेनं उघडायचा, त्या भावनेनं पुढं ती सगळी जात उघडते."

हा नियम सुरुवातीला कोणाला माहीत नव्हता आणि त्यापायी गमती झाल्या होत्या. इस्लामपूरच्या एका व्यापाऱ्याला चेहऱ्यांसाठी त्याच्या शाळेतल्या कडक गुरुजींचा फोटो दाखवला गेला. तेव्हापासून तो गिऱ्हाईक दिसले की हात बांधून उभा राहतो. एका बँक अधिकाऱ्याला सासूबाईंचा आवाज ऐकवला, तर तो आता शिपायालाही "हो हो, आलोच" म्हणतो. लोक हसत. बाई हसल्या नव्हत्या. त्या दोघांच्या घरी जाऊन त्यांनी माफी मागितली होती.

"आणि थांबायलाही वाव नाही," निरंजन म्हणाला. "जुनी वाट न वापरता राहिली की बुजते. झरोका होता तोवर त्याची ये-जा त्याच वाटांवरून व्हायची, म्हणून त्या जिवंत राहिल्या. आता त्यांच्यावर कोणीच फिरकत नाही. बाईंच्या आवाजाची वाट आलेखावर रोज थोडी फिकट होतेय. महिनाभरात दिसेनाशी होईल, मग साक्षीनमुना मिळूनही उपयोग नाही."

बाईंचे चेहरे आणि अक्षरे परत आली होती. चेहऱ्यांसाठी आईचा कागदी फोटो मिळाला होता, कडेला वाळवी लागलेला, पण चेहरा शाबूत. तेव्हापासून बाई झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांकडे अशा मायेने बघत की नवी मंडळी बावचळत आणि जुनी मंडळी घाबरत. अक्षरांसाठी घरातला एक पितळी डबा कामी आला. त्यावर आईने नाव घालून घेतले होते, "चि. शकुंतला हिस." तो पहिला डबा बाईंच्या नावाचा, आणि त्याच अक्षरांवर त्या वाचायला शिकलेल्या. डब्यावरची अक्षरे लागली तशा बाई लागलीच कार्यालयात गेल्या आणि साचलेले सगळे अहवाल चुका काढून परत पाठवले.

राहिला होता आवाज, आणि तिथे सगळे अडले होते.

जुने आवाज बाईंजवळ होते. आईवडिलांचे, भावाचे, कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचे, सगळे त्यांनी जपून ठेवले होते. पण जपले कसे, तर झरोक्याच्या साच्यात. तरुणपणी नव्या यंत्राच्या भरात त्यांनी प्रत्येक ध्वनिफीत झरोक्यात भरून घेतली आणि मूळ फिती अडगळ म्हणून टाकून दिल्या. त्या साच्यातले ध्वनी झरोक्याशिवाय कोणालाच उघडता येत नाहीत. रोग्यांच्या नातेवाइकांना "मूळ प्रत टाकू नका" असे त्या कानीकपाळी ओरडून सांगत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग जिवंत माणसे शोधावी, तर तिथेही बाईंनीच वाट बंद करून ठेवली होती. झरोका ऐकण्याबरोबर बोलण्यालाही वळण लावायचा, अडखळणे काढायचा, श्वास जिथल्या तिथे घ्यायला लावायचा. काही वर्षांत माणसाच्या बोलण्याची मूळ चाल जायची आणि सगळे एकाच ठेक्यात बोलू लागायचे. असा आवाज साक्षीला चालत नाही, मेंदू त्याला ओळखत नाही. आणि बाईंच्या भावंडांत, आप्तांत, वर्गमित्रांत झरोका न बसवलेले एकही माणूस नव्हते. बाईंनीच प्रत्येकाला आग्रहाने, स्वतःच्या हाताने बसवून दिला होता.

एक माणूस सोडून. तिचे नाव मैनावती चौगुले.

हे नाव संस्थेत दबक्या आवाजात घेतले जाई. मैनावती ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापक, बाईंची वसतिगृहापासूनची जिवलग मैत्रीण. प्रयोगशाळेत दोघींची टेबले शेजारी शेजारी, डबा एक, छत्री एक. झरोका बाजारात आणायचे ठरले तेव्हा भर सभेत मैनावती उठल्या आणि म्हणाल्या की ज्या यंत्राला घर सोडून कसे जायचे हे माहीत नाही त्याला घरात घेऊ नका. बाईंनी व्यासपीठावरून उत्तर दिले की प्राध्यापक चौगुले भीतीचे दुकान मांडून बसल्या आहेत. सभा हसली. मैनावती खाली बसल्या, आणि त्यानंतर दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मैनावतींचे म्हणणे खरे ठरले तरीही नाही. निवृत्तीनंतर त्या तासगावजवळ द्राक्षबाग बघत होत्या, एवढे लोकांना ठाऊक होते.

निरंजनने त्यांचे नाव पाटीवर लिहिले तेव्हा बाईंनी पाटी ओढून घेतली. मग त्यांनी झरझर लिहिले, "मैनेचा आवाज नुसता आठवला की माझ्या अंगाची आग होते. इतकी वर्षे झाली तरी होते. तोच रंग बसेल. मग माझी भाची बोलली तरी मला राग येईल, तू बोललास तरी येईल. मरेपर्यंत. नको."

निरंजनने लिहिले, "पण काहीच ऐकू आलं नाही तर?"

"तर पाटी आहे," बाईंनी लिहिले आणि विषय पुसून टाकला.

निरंजन त्यांच्यासमोरून उठला तो तडक गाडीत बसला. बाईंना न विचारता त्याने आजवर टाचणीसुद्धा हलवली नव्हती. तासगावच्या वाटेवर त्याचे त्यालाच नवल वाटत होते. बाईंनी इतक्या लोकांना बोलण्यात परत आणले होते आणि त्याच बाई खडे हलवल्याचा आवाज ऐकत बसणार, हे त्याला बघवत नव्हते. त्याला बाईंची बोलणी हवी होती. ती पाटीवर लिहून मिळत नव्हती असे नाही, पण लिहिलेल्यात ती धार नव्हती.

मैनावती मांडवाखाली घडांची विरळणी करत होत्या, हातात बारकी कात्री, डोक्यावर पुरुषी टोपी. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कात्री चालूच होती. ध्वनिशास्त्रातली हयात गेलेली असल्याने त्यांना फार समजवावे लागले नाही. उलट त्यांनीच विचारले की इतक्या वर्षांत आवाज जाडावला, थरथरतो, तो साक्षीला चालेल का. निरंजनने सांगितले की पट्टी बदलली तरी चालते, चाल बदललेली नसली म्हणजे झाले.

"शकीनं पाठवलंय तुला?" त्यांनी विचारले.

खोटे बोलायचे निरंजनच्या अगदी ओठांवर आले होते. पण समोरच्या बाईंचे डोळे शकुंतलाबाईंसारखेच होते, पुरावा मागणारे. तो म्हणाला, "नाही. त्यांनी नको म्हटलंय. तुमचा आवाज आठवला की त्यांना राग येतो म्हणाल्या."

मैनावती पहिल्यांदाच हसल्या. "मला काय गोडवा आहे होय तिचा? त्या सभेतलं हसू अजून माझ्या कानात आहे, बघ. आणि माझ्या डोक्यात कुठलं यंत्रबिंत्र नव्हतं. माझा राग घरचा आहे, अस्सल."

त्यांनी कात्री खिशात घातली, टोपी काढून खांबाला अडकवली आणि बांधावरच्या गड्याला सांगितले की पुतण्या आला की उरलेल्या ओळी त्याला दाखव. मग त्या गाडीकडे चालू लागल्या. राग आहे म्हणतात आणि येतात कशा, हे निरंजनने विचारले नाही. प्रसन्न झालेला देव पुन्हा रुसू नये म्हणून तो मुकाट्याने गाडी चालवत राहिला.

काचेपलीकडे मैनावतींना बघून बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला. निरंजनने स्वतःला बजावले की हे आईच्या फोटोचे काम आहे, त्या सगळ्यांकडेच अशा बघतात. आवाजाची गोष्ट वेगळी. त्याने पाटीवर सगळे कबूल केले आणि शिक्षेची वाट बघत उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितले, आलेखावरच्या फिकट रेघेकडे बघितले, मग लिहिले, "आणलीच आहेस तर होऊ दे. तुम्हा सगळ्यांवर चिडेन. आधीही चिडतच होते. फारसा फरक पडणार नाही."

रुबीनाने टोप बसवला. ठोके सुरू झाले आणि पडद्यावर आवाजाची खूणपाटी हळूहळू सैल होताना दिसू लागली. निरंजनने मैनावतींना पुढे आणले. काय बोलावे हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. त्याने सांगितले होते की काहीही चालेल, फक्त झरोक्याच्या आधी त्या बाईंशी बोलत तसे असावे. आता त्या बाईंच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, वसतिगृहात रोज सकाळी राहत तशा, आणि साध्या सुरात म्हणाल्या,

"शके, ऊठ गं. चहा निवतोय."

हिरवी रेघ उसळली. खूणपाटी थरथरली, फिरली, आणि जुन्या वाटेवर जाऊन घट्ट बसली. रुबीनाने ठोके थांबवले. निरंजन बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होता. कपाळावर आठी पडेल, ओठ आवळले जातील, याची तो वाट बघत होता. बाईंचे डोळे मिटलेलेच होते. मग त्यांच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आले आणि त्या हसल्या.

"साखर पुन्हा जास्त घातलीस ना, मैने," त्या म्हणाल्या.

मैनावतींचा हात बाईंच्या खांद्यापर्यंत गेला आणि तसाच अधांतरी राहिला. रुबीना निरंजनकडे बघू लागली. निरंजन आलेखाकडे बघत होता, आणि त्याला जे दिसत होते ते त्याच्या सगळ्या भीतीच्या उलट होते. रंग रागाचा नव्हता. मेंदूच्या ज्या भागात माणसाला आपल्या माणसाचा विश्वास वाटतो, तो भाग दिवाळीसारखा उजळला होता.

"बाई, राग नाही आला?" त्याने विचारले.

बाईंनी झटकन मान वळवली. त्या त्याच्याकडे अशा बघू लागल्या की कोणी अनोळखी माणूस बोलला असावा. "पुन्हा बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज असा आहे होय रे? चांगला आहे की. इतकी वर्षं माझ्यापाशी आहेस आणि मला कोणी सांगितलं नाही."

आणि त्याच क्षणी त्याला सगळे कळले. किती सोपे होते, आणि संस्थेतल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आले नव्हते. तो बाईंकडे आला होता तेव्हा झरोका त्यांच्या डोक्यात जुना झाला होता. त्याचा आवाज त्यांनी आजवर झरोक्यातूनच ऐकला होता, नीटनेटका, अर्थासकट, चवीविना. आणि त्या सभेतला मैनावतींचा आवाजही तसाच ऐकला होता. झरोका बाजारात आणायची सभा झाली तेव्हा तो बाईंच्या कानामागे केव्हाच बसलेला होता.

तो रुबीनाला समजावू लागला आणि खरे म्हणजे स्वतःलाच समजावत होता. साक्षीनमुना उघडतो तो झरोक्याच्या आधी उघडायचा तसा. भांडण झरोक्यानंतरचे. मैनेचा आवाज म्हणजे राग, ही खूण बाईंच्या मेंदूने बसवलेली नव्हतीच, ती झरोक्यातच साठली होती आणि चकतीबरोबर गेली. खाली मूळखूण होती ती चहाची, एका छत्रीची, एका डब्याची. बाईंनी पाटीवर अंगाची आग लिहिली ती गेल्या कित्येक वर्षांच्या आठवणीवरून, आणि त्या आठवणीतल्या प्रत्येक वेळी झरोका होता.

"भांडण आठवतंय तुम्हाला?" रुबीनाने बाईंना विचारले.

"सगळं आठवतंय," बाई म्हणाल्या. "मी काय बोलले ते शब्दन्‌शब्द आठवतंय. चूक माझी होती. पण ते आता दुसऱ्या कोणाचं तरी वाटतंय, वाचलेलं." त्यांनी मागे हात करून मैनावतींचा तो अधांतरी हात धरला. "मैने, मी त्या दिवशी तुझा आवाजच ऐकला नव्हता गं. ऐकला असता तर तसं बोलले नसते."

निरंजनने आयुष्यात बाईंना चूक कबूल करताना पुष्कळदा बघितले होते. रोग्यांपुढे, परिषदांमध्ये, वर्तमानपत्रांत, त्यांनी ती कधी लपवली नव्हती. पण ती शास्त्राची चूक असे. ही कबुली त्याने आज ऐकली, आणि त्याला वाटले की आजवर बाईंविषयी वाटलेले सगळे कौतुक कमीच होते.

मैनावतींनी हात सोडवून घेतला नाही. पण त्यांचा चेहरा निवला नव्हता. त्या स्टूल ओढून बसल्या आणि अभ्यासकाच्या सवयीने त्यांनी निरंजनकडूनच खात्री करून घेतली.

"म्हणजे हिचा राग चकतीबरोबर गेला."

"हो."

"आणि हिला आता कोणीही बोललं तरी माझ्यासारखं वाटणार. चहा देणाऱ्या माणसासारखं."

"हो. सगळे आवाज तसेच उघडतील. आता ते बदलणार नाही."

"बरं झालं. आणि माझा?"

ज्या मेंदूत झरोका गेलाच नाही, त्यातल्या पाट्या कोणी वळवलेल्या नव्हत्या. तिथला राग मूळखुणेवर बसलेला, मालकाच्या हाताने. तो काढायला टोप उपयोगाचा नव्हता आणि परत न्यायला झरोक्याआधीची वेगळी अशी खूण नव्हती. त्याने खाली मान घालून तसे सांगितले. शकुंतलाबाईंचा हात सैल पडला. त्यांनाही ते त्याच क्षणी उमगले असावे. त्या सुटल्या होत्या आणि मैना सुटली नव्हती, आणि ज्या गोष्टीपायी मैना अडकली होती ती त्यांनी स्वतः केलेली होती.

संस्थेच्या आवारात कोणीतरी नळाखाली डबे विसळत होते आणि तो खणखणाट आत येत होता. बाई तोही ऐकत होत्या, मान तिरकी करून.

"तू मघाशी बागेत एक म्हणालास," मैनावती म्हणाल्या. "वाट वापरली नाही की बुजते."

"हो, पण ती..."

"कोणाचीही?"

निरंजनने विचार केला. वाट चेहऱ्याची असो, आवाजाची असो, रागाची असो. वाट ती वाट. बाईंचा सगळा सिद्धांत त्यावरच उभा होता आणि त्याला अपवाद अजून सापडला नव्हता.

"कोणाचीही," तो म्हणाला. "पण वयस्क माणसात वेळ लागतो. आणि मध्ये एकदा जरी त्या वाटेनं गेलं की पुन्हा पहिल्यापासून."

"कठीण आहे म्हणजे."

"टोपाशिवाय आजवर कोणी केलेलं नाही, मॅडम. निदान आमच्याकडं तशी नोंद नाही."

मैनावतींनी पदराचे टोक कमरेला खोचले, मांडवाखाली कामाला लागताना खोचत असतील तसे. "पुतण्याला फोन करून सांग, बाग त्यानं बघायची आहे," त्या म्हणाल्या. "मी इथंच राहते. रोज सकाळी हिला चहा देईन. राग येईल तेव्हा त्या वाटेनं जाणार नाही. बघू, बुजते का." मग त्या बाईंकडे वळल्या. "आणि साखर जास्तच घालणार आहे, शके. प्यायची मुकाट्यानं."